अरुंद शहरी घरात मापाचं स्वयंपाकघर: सुरुवात कुठून करायची

स्वयंपाकघराचं काम निघालं की बहुतेकांची पहिली फेरी होते ती दगडाच्या दुकानात. मग शटरचे रंग, मग नळ, मग हँडल. हा क्रम उलटा करा, एवढं सांगण्यासाठी हा लेख लिहितेय. भरपूर खर्च करून खास बनवून घेतलेली स्वयंपाकघरं मी फसलेली पाहिली आहेत, आणि त्यात रंगाचा दोष क्वचितच होता. धूर बाहेर जायला वाट नव्हती, सिंकपाशी पाठ वाकत होती, फ्रिजचं दार भिंतीला आपटत होतं. या गोष्टी नंतर बदलत नाहीत. शटर बदलता येतं.

इथे ज्या घराबद्दल लिहितेय ते शहरातलं टाउनहाउस, आपण रो हाउस म्हणतो तसं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, रुंदी कमी, लांबी जास्त, मजले एकावर एक. खिडक्या पुढे आणि मागे, मध्ये अंधार. या घराला बाजूच नसते, त्यामुळे हवा, उजेड आणि पाइप यांना पुढून, मागून किंवा छपरातून वाट काढावी लागते. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका गोष्टीतून येतात.

आणि "खास बनवून घेणं" म्हणजे काय, हेही आधी स्पष्ट असू दे. तयार मॉड्युलर कॅबिनेट ठरावीक रुंदीत येतात: 30, 45, 60, 90 सें.मी. अशी. भिंत 347 सें.मी. असेल तर उरलेली जागा पट्टी लावून झाकतात. बनवून घेतलेल्या कामात ती जागा कप्प्यांमध्ये वाटून टाकता येते, ओटा तुमच्या कोपराच्या उंचीला बसवता येतो, डावखुऱ्या माणसासाठी सगळी मांडणी उलटी करता येते. पैसे या मापाचे मोजायचे असतात.

घर मोजा, जिन्यासकट

टेप लावून भिंत एकदा मोजली की झालं, असं नसतं. जुन्या सामाईक भिंती ओळंब्यात नसतात. जमिनीलगत एक माप निघतं, ओट्याच्या उंचीला दुसरं, छताजवळ तिसरं. म्हणून प्रत्येक भिंत या तिन्ही ठिकाणी मोजा. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत. लेसर लेव्हल लावून जमिनीचा उतार पाहा. चार मीटर लांबीत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तर घाबरू नका. आधी कळलं तर सुतार तो फरक कॅबिनेटच्या पायांमध्ये जिरवतो. उशिरा कळलं तर कॅबिनेटखाली एका टोकाला फट दिसत राहते. भिंतीला लागून 2 ते 5 सें.मी.ची फिलर पट्टी ठेवायला सांगा. भिंतीच्या वाकाप्रमाणे ती तासून बसवतात आणि मग कॅबिनेट भिंतीतूनच उगवल्यासारखं दिसतं.

स्वयंपाकघर कोणत्या मजल्यावर, हा प्रश्नही इथेच सोडवा. वरच्या मजल्यावर उजेड चांगला मिळतो, पण सामान, कचरा, पाणी सगळं जिन्याने किंवा पाइपने वर-खाली जात राहतं. माझा कल तळमजल्याच्या मागच्या बाजूकडे असतो. तिथे बाहेरची भिंत असते, निचऱ्याची मुख्य वाहिनी बहुधा जवळ असते आणि मागचं दार उघडलं की हवा खेळते.

आता जिना मोजा. जिन्याची रुंदी, वळणावरची जागा, दाराची चौकट, वळणावर डोक्यावरची उंची. ग्रॅनाइटची घनता घनमीटरला साधारण 2,700 किलो धरली तर 3 मीटर लांब, 60 सें.मी. रुंद आणि 2 सें.मी. जाड तुकडा जवळजवळ 97 किलोचा होतो. 3 सें.मी. जाड असेल तर 146 किलोचा. तो उभा धरून, न वाकवता, वळणावरून न्यायचा असतो. एका घरात पहिल्या मजल्यावरच्या ओट्यासाठी मी एकसंध दगडाचा आग्रह धरला होता. कारागीर तो घेऊन जिन्याच्या वळणापर्यंत आले आणि तिथेच थांबले. तुकडा कुठूनच वळेना. शेवटी तो खालीच कापावा लागला आणि सांधा आला नेमका खिडकीच्या उजेडात, सगळ्यात आधी नजर जाईल तिथे. त्या घरच्या बाईंनी तो स्वीकारला, पण मला तो आजही दिसतो. तेव्हापासून दगडाचा आराखडा काढण्याआधी मी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा जिन्यावरून वर नेऊन पाहते. मोठ्या फ्रिजचं आणि उंच कपाटांचंही तसंच. उंच कपाट आडवं करून आत नेल्यावर छताला न अडकता उभं करता येतं का, हे कर्ण मोजून आधी पाहावं लागतं.

आठवडाभर वही ठेवा

आराखडा काढण्याआधी सात दिवस, सध्याच्या स्वयंपाकघरात काय घडतं ते लिहून काढा. कोण, किती वाजता, कुठे उभं असतं. एका वेळी दोघं काम करतात का. कोणतं भांडं दिवसातून चारदा लागतं आणि कोणतं वर्षातून दोनदा. चिरलेलं ठेवायला जागा नसल्यामुळे ताट कुठे टेकवलं जातं. पाहुणे आले की ते कुठे उभे राहून गप्पा मारतात. मग सगळी भांडी, डबे, उपकरणं मोजा आणि त्यांतल्या सर्वांत उंच, सर्वांत रुंद आणि सर्वांत जड वस्तूंची मापं घ्या. काम कंटाळवाणं आहे. पण कोणत्याही डिझायनरला हे तुमच्याशिवाय कळणार नाही.

हे मोजमापाचं शास्त्र नवं नाही. 1926 साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. रेल्वेच्या भोजनयानातली चिंचोळी स्वयंपाकघरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. बाईमाणसाच्या हालचाली, पावलं आणि वेळ मोजून त्यांनी प्रत्येक गोष्टीची जागा ठरवली. तशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. अरुंद घरात राहणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण कमी रुंदी म्हणजे कमी दर्जा असं वाटून अनेक जण सुरुवातीलाच खट्टू होतात. त्या स्वयंपाकघराचा दोषही लक्षात ठेवा. ते एकाच माणसासाठी आखलेलं होतं, दोघं आत गेले की अडचण व्हायची. तुमच्या वहीत दोन माणसं एकाच वेळी दिसत असतील, तर पुढचा हिशेब त्या दोघांचा करा.

मांडणी: बेरीज करा, मगच आयलंडचं स्वप्न पाहा

बहुतेकांना मधोमध मोठा आयलंड, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा ओटा, हवा असतो. तो बसतो की नाही हे साध्या बेरजेने कळतं. भिंतीलगतचा ओटा 65 सें.मी., कामाची वाट 110, आयलंड 90, पलीकडची वाट 100. बेरीज 365 सें.मी. पलीकडच्या भिंतीला उंच कपाटंही हवी असतील तर आणखी 60. आतली रुंदी साडेतीन मीटरच असेल तर आयलंड कोंबू नका. वाट 80 सें.मी.ची झाली की डिशवॉशरचं दार उघडल्यावर कुणालाच जाता येत नाही. एकट्याने काम करायचं असेल तर किमान 105 आणि दोघांना 120 सें.मी. वाट लागते, हे पक्कं धरा.

अशा घराला समोरासमोर दोन ओटे फार चांगले बसतात: 60, मध्ये 120, पुन्हा 60, म्हणजे 240 सें.मी.त काम होतं. एका बाजूला सिंक आणि शेगडी, दुसऱ्या बाजूला उंच कपाटं, ओव्हन, फ्रिज. वळलं की हाताशी सगळं. माझ्या मते लांबट घरात ही मांडणी आयलंडपेक्षा जास्त सुखाची असते, फक्त ती छायाचित्रात तितकी उठून दिसत नाही.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यातल्या त्रिकोणाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हा विचार पुढे आला. प्रत्येक बाजू 1.2 ते 2.7 मीटर आणि तिन्हींची बेरीज 7.9 मीटरच्या आत, असा त्याचा रूढ नियम. तो अजूनही उपयोगी आहे, पण मी त्यातल्या एकाच बाजूवर जीव टाकते: सिंक आणि शेगडी यांच्यामधला ओटा. धुणं, चिरणं, मळणं, वाढणं सगळं तिथेच होतं. तिथे सलग 90 सें.मी. मोकळे मिळालेच पाहिजेत आणि त्यावर मिक्सर, डबे, बरण्या कायमच्या ठेवायच्या नाहीत. डिशवॉशर सिंकच्या शेजारी, 90 सें.मी.च्या आत. फ्रिजजवळ आणि ओव्हनजवळ हातातलं टेकवायला किमान 40 सें.मी.ची जागा.

आणि या घराची एक खास अडचण. पुढच्या दारातून मागच्या अंगणात जायची वाट स्वयंपाकघरातूनच जाते. ती वाट सिंक आणि शेगडीच्या मधून गेली, तर उकळतं भांडं हातात असताना मूल धावत आडवं येणार. जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून घरातली येण्याजाण्याची वाट आखा आणि कामाची जागा तिच्या एका बाजूला ठेवा. फ्रिज मात्र त्या वाटेलगत असावा, म्हणजे पाणी घ्यायला येणारा स्वयंपाक करणाऱ्याच्या मध्ये येत नाही.

हवा: इथे तडजोड नको

सामाईक भिंतीतून चिमणीचा पाइप बाहेर काढता येत नाही. मागची भिंत, पुढची भिंत किंवा छप्पर एवढेच पर्याय. म्हणून शेगडीची जागा पाइपचा मार्ग पाहून ठरवा, म्हणजे मागच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा तिच्या अगदी जवळ. पाइप साधारण 150 मि.मी. व्यासाचा, शक्य तितका सरळ आणि आखूड, आतून गुळगुळीत. प्रत्येक काटकोनी वळणाने ओढ कमी होते आणि आवाज वाढतो. पन्हाळीसारखा दुमडणारा लवचिक पाइप स्वस्त पडतो, पण त्याच्या वळ्यांमध्ये तेलकट थर साचत जातो. तो टाळा.

बाहेर पाइप न काढता कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवणाऱ्या चिमण्या मिळतात. त्या वास काही प्रमाणात शोषतात, पण वाफ खोलीतच राहते. ज्या घराला बाजूच्या खिडक्या नाहीत, तिथे ती वाफ भिंतींवर बसते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच हा पर्याय घ्या, आणि मग स्वतंत्र एक्झॉस्ट फॅनची सोय करा.

चिमणी शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना 7-8 सें.मी. रुंद असावी. उंची उत्पादकाने दिलेलीच पाळा. गॅससाठी ती साधारण 65 ते 75 सें.मी. असते. आयलंडवर टांगलेल्या चिमणीला भिंतीचा आधार नसतो, इकडून तिकडून वारा येऊन धूर पसरतो, त्यामुळे ती अधिक रुंद आणि अधिक ताकदीची लागते. अरुंद घरात शेगडी भिंतीलाच बरी, हे म्हणण्याचं हे आणखी एक कारण. आणि जोरदार चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी कुठून तरी आत यावी लागते. घर घट्ट बंद असेल तर ती हवा गॅसच्या गिझरच्या धुराड्यातून उलटी खेचली जाऊ शकते, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. हा जीवाचा प्रश्न आहे. हवा आत येण्याचा मार्ग आराखड्यात दाखवा, असं डिझायनरला स्पष्ट सांगा.

इंडक्शन घेतलंत तर ज्वलनाचा धूर नाही आणि खोली कमी तापते. त्यासाठी तळाला चुंबक चिकटेल अशी भांडी लागतात. चार जागांची इंडक्शन शेगडी पूर्ण चालवली की 7 किलोवॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण 30 अँपियर. तिला स्वतंत्र सर्किट आणि त्या जाडीची वायर हवी. त्यात ओव्हन, डिशवॉशर, फ्रिज यांची बेरीज करून घराला मंजूर असलेला वीजभार पुरतो का ते आधी तपासून घ्या. भार वाढवून घ्यायचा असेल तर त्या अर्जाला वेळ लागतो, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात करा.

पाण्याला उतार लागतो

नळाचं पाणी दाबाने कुठेही जातं. सांडपाण्याला उतार लागतो. निचऱ्याच्या पाइपला मीटरला अडीच सेंटिमीटर उतार धरला, तर चार मीटर लांब गेलेला पाइप दहा सेंटिमीटर खाली जातो. जमिनीखाली तेवढी जागा आहे का? वरच्या मजल्यावर बहुधा नसते. म्हणूनच सिंक बाहेरच्या भिंतीजवळ ठेवणं शहाणपणाचं, आणि आयलंडमध्ये सिंक हवं असेल तर ते जमीन उकरण्याआधी ठरवायचं. पाणी बंद करायचे कॉक सिंकखाली, हात सहज पोहोचेल असे ठेवा. खालच्या मजल्यावर दुसऱ्या खोल्या असतील तर डिशवॉशरखाली तबक आणि गळती कळवणारा सेन्सर बसवा.

आधी उपकरणं निवडा

नवख्यांना हे उलटं वाटतं, पण कॅबिनेट उपकरणांभोवती बनतं. फ्रिज, ओव्हन, शेगडी, चिमणी, डिशवॉशर, सिंक यांचं नेमकं मॉडेल ठरवा आणि प्रत्येकाचं बसवण्याचं मापपत्रक सुताराच्या हातात द्या. कॅबिनेटमध्ये लपवायच्या फ्रिजला मागून-खालून हवा खेळायला मोकळी जागा लागते. ती बुजली की मोटर सतत चालते आणि लवकर जाते. फ्रिज भिंतीला खेटून असेल तर मध्ये फिलर ठेवा, नाहीतर दार काटकोनापर्यंतच उघडतं आणि आतले खण बाहेर निघत नाहीत.

उंची आणि हात पोहोचण्याचा हिशेब

ओट्याची सर्वसाधारण उंची 85 ते 91 सें.मी. असते. ती कुणासाठी आहे? सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून 10 ते 15 सें.मी. वजा करा. चिरण्याच्या ओट्याची ती तुमची उंची. शेगडीवर भांड्याची उंची वाढते, म्हणून शेगडी थोडी खाली चालते. सिंकमध्ये हात तळाशी जातात, म्हणून सिंक थोडं वर असावं. दोन पातळ्या करणं बनवून घेतलेल्या कामात सहज शक्य असतं. मी ज्या घरांत हे केलं, तिथून "पाठ दुखत नाही" हे वाक्य परत ऐकलं आहे, आणि त्याहून मोठी पावती मला माहीत नाही. घरातली दोन माणसं अगदी वेगळ्या उंचीची असतील तर जो जास्त वेळ उभा राहतो त्याचं माप घ्या. टेबलावर फळ्या रचून ती उंची दोन-तीन दिवस वापरून पाहा. अंदाजावर सोडू नका.

ओट्याखाली शटर-फळीपेक्षा ड्रॉवर घ्या. फळीवर मागचं काढायला पुढचं सगळं हलवावं लागतं, गुडघे टेकावे लागतात. ड्रॉवर वरून दिसतो. ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चॅनेल पूर्ण बाहेर येणारे आणि हळू मिटणारे घ्या, आणि त्यांची वजनाची क्षमता विचारा. चांगल्या चॅनेलची क्षमता 30 ते 70 किलोपर्यंत असते. जड भांड्यांच्या रुंद ड्रॉवरला वरच्या टोकाची क्षमता लागते. 90 सें.मी.पर्यंतचा रुंद ड्रॉवर उत्तम चालतो. जमिनीलगत 10 सें.मी. उंच आणि 5 ते 7 सें.मी. आत गेलेली मोकळी खाच ठेवा, पावलं आत जातात आणि ओट्याशी वाकावं लागत नाही.

छत उंच असेल तर कपाटं छतापर्यंत न्या. वरचा थर वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टींसाठी. पण शेजाऱ्यांच्या भिंतीवर आपटणारी शटर, घरघरणारी मोटर किंवा मिक्सरचा ओटा शक्यतो लावू नका. सामाईक भिंतीतून आवाज पलीकडे जातो. हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या आणि मोटरखाली रबराचे पॅड, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

उजेड

मध्यभागी अंधार असतोच. तिथे फ्रिज आणि उंच कपाटं ठेवा, ओटा खिडकीकडे न्या. वर मजला नसेल तर छताला काचेचा झरोका करता येतो, आणि त्याने ही घरं अक्षरशः बदलतात.

दिव्यांबद्दल एकच चूक वारंवार दिसते. छताच्या मध्यावर दिवे असतात, आपण ओट्याकडे तोंड करून उभे राहतो आणि चिरण्याच्या जागेवर आपलीच सावली पडते. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेजवळ एलईडी पट्टी लावा, दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये. झाकण नसेल तर चकचकीत दगडात ठिपक्यांची रांग दिसते. रंगतापमान 2,700 ते 3,000 केल्विन आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 90 किंवा अधिक घ्या. पदार्थ शिजला का, रंग बदलला का, हे डोळ्यांनीच कळतं, म्हणून सीआरआयवर पैसे वाचवू नका. सगळे दिवे एकाच रंगतापमानाचे असू देत.

आता दगड, लाकूड, रंग

आधी आतला सांगाडा. सिंकखाली आणि डिशवॉशरच्या शेजारी चांगल्या प्रतीचा जलरोधक प्लायवूड वापरा. पार्टिकल बोर्ड कोरडा असेपर्यंत ठीक असतो, पण एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. कडा कशा बंद केल्या आहेत ते बोट फिरवून पाहा, पाणी कडेतूनच शिरतं. बिजागरीच्या वाटीचं 35 मि.मी.चं भोक आणि कप्प्यांच्या पिनांची 32 मि.मी. अंतरावरची भोकं या प्रचलित पद्धतीने काम करून घ्या, म्हणजे दहा वर्षांनी एखादी बिजागरी बदलायची वेळ आली तर दुसऱ्या उत्पादकाचीही बसते.

रंगवलेल्या शटरसाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेला बोर्ड, सपाट आणि स्थिर असतो. अस्सल लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, म्हणून रुंद अखंड फळीपेक्षा चौकट आणि तिच्यात मोकळा बसवलेला पॅनेल टिकतो. व्हीनियर, म्हणजे वर चिकटवायचा अस्सल लाकडाचा पातळ पत्रा, घेत असाल तर एकाच ओंडक्यातून क्रमाने निघालेले पत्रे मागा आणि कोणता पत्रा कोणत्या शटरला हे आराखड्यावर क्रमांक घालून लिहा. रेषा एका ड्रॉवरवरून दुसऱ्यावर वाहत गेलेली दिसते तेव्हा कारागिरी म्हणजे काय ते कळतं.

ओट्याच्या दगडाबद्दल. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाशी त्याची प्रतिक्रिया होते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सांडलं की झिलई जाऊन निस्तेज डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, कारण दगडाचा थरच झिजलेला असतो. ज्यांना असा वापराचा ठसा आवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा, बाकीच्यांनी नाही. ग्रॅनाइट उष्णता आणि आम्ल दोन्ही चांगलं सोसतो, अधूनमधून सीलर लावावा लागतो. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये दगडाची भुकटी रेझिनने बांधलेली असते. डाग कमी पडतात, पण रेझिनमुळे कडकडीत तापलेलं भांडं थेट ठेवता येत नाही. ते कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांना सिलिकोसिस करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्याच्यावर बंदी घातली. तुम्ही तो निवडलात तर तो कारखान्यात, पाणी सोडून कापला जाईल आणि घरात कोरडा कापला जाणार नाही, असं लेखी घ्या. आपल्या ओट्यासाठी कुणाचा श्वास जाऊ नये. सिंटर्ड स्टोनच्या, म्हणजे खनिजांची भुकटी दाबून आणि भाजून बनवलेल्या, लाद्या उष्णता आणि डाग दोन्ही सोसतात, पण कडेला जोराचा मार लागला की टवका उडू शकतो. त्यातही सिलिका असते, म्हणून कापण्याची काळजी तीच.

दगड नमुन्याच्या तुकड्यावरून निवडू नका. पूर्ण स्लॅब उभा करून पाहा, त्याचा फोटो घ्या आणि त्यावरच ओट्याची मापं आखून शिरा कुठे येतील, सांधा कुठे येईल ते ठरवा. सांधा सिंकच्या कापावर येऊ देऊ नका. तिथे दगड आधीच अरुंद आणि कमजोर असतो.

कागद, चिकटपट्टी आणि मग काम

आराखड्यात वरून दिसणारा नकाशा, प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र, किमान एक काटछेद आणि वीज-पाण्याचे स्वतंत्र नकाशे असायला हवेत. संगणकावरचं रंगीत चित्र पाहून सही करू नका, त्यात मापं नसतात. रिकाम्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टीने ओटे आखा, पुठ्ठ्याची खोकी रचा, ड्रॉवर उघडल्याचा आव आणा, दोघांनी एकदम काम करून पाहा. एका दुपारचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात या दुपारी काही ना काही बदलतंच.

भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. या घरांत मधल्या भिंतीवर वरच्या मजल्याचा भार असू शकतो. लागणाऱ्या परवानग्या आणि शेजाऱ्यांना पूर्वसूचना, दोन्ही हातोडा उचलण्याआधी.

मग क्रम असा: तोडफोड, वीज आणि पाण्याचे पाइप, गिलावा, जमीन, कॅबिनेट, दगडाचं टेम्प्लेट (जागेवर घेतलेला दगडाच्या मापाचा साचा), दगड, मागच्या भिंतीची टाइल, उपकरणं. खालची कॅबिनेटं जागेवर पक्की आणि पाणसळीत बसल्याशिवाय दगडाचं माप घेऊ देऊ नका, कितीही घाई असली तरी. टेम्प्लेट ते दगड यात एक-दोन आठवडे जातात, तेवढ्यापुरती तात्पुरती फळी टाकून काम चालवा. एकूण खर्चाच्या 10 ते 15 टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं.

गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, फोटो काढा. वायर आणि पाइप कुठून गेलेत ते पुढे कपाट टांगताना लागणार आहे. काम संपल्यावर उरलेलं व्हीनियर, दगडाचा एक तुकडा, रंगाचा कोड आणि बिजागऱ्यांचा मॉडेल क्रमांक एका पाकिटात घालून सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवा. आणि सुताराशी आधीच ठरवून घ्या, की सहा महिन्यांनी तो एकदा येईल. तोवर घरातल्या हवेप्रमाणे लाकूड बसलेलं असतं, एक-दोन शटर किंचित खाली आलेली असतात. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात तो ती पुन्हा रेषेत आणतो.